हायडॅटिड आजार: यकृतातील आणि फुप्फुसातील 'पाण्याची गाठ'

हायडॅटिड हा एका बारीक फीतकृमीमुळे होणारा आजार आहे. या कृमीची अंडी तोंडावाटे पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात किंवा क्वचित दुसऱ्या अवयवात पाण्याने भरलेली गाठ तयार होते. ही गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. बहुतेक वेळा ती दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. हा कॅन्सर नाही आणि योग्य उपचाराने तो बरा होतो. मात्र मार लागून गाठ फुटली, किंवा पुरेशी तपासणी न करता तिच्यात सुई घातली, तर जिवावर बेतू शकते. म्हणून या आजाराची ओळख रुग्णाला, नातेवाइकांना आणि आशाताईंनाही असायला हवी.

जगात कोणत्याही वेळी दहा लाखांहून अधिक लोकांना फीतकृमींच्या या कुळाचे आजार असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संघटनेने त्यांचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला आहे. भारतात आंध्र, तेलंगण, तमिळनाडू आणि काश्मीर या भागांतून रुग्ण जास्त नोंदवले जातात. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तेलंगणाला लागून आहेत आणि इथेही जनावरे, कुत्री व माणसे अगदी जवळ जवळ राहतात.

हा जंत राहतो कुठे?

या कृमीचे शास्त्रीय नाव एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. पूर्ण वाढलेला कृमी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर लांब असतो आणि तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांडगा, कोल्हा, रानकुत्रा या कुत्र्याच्या कुळातील प्राण्यांतही तो राहू शकतो. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो कृमी असू शकतात, तरी कुत्रा आजारी दिसत नाही.

कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडून गवतावर, मातीत आणि पाण्यात मिसळतात. चरताना ती गाय, म्हैस, शेळी, मेंढी किंवा डुकराच्या पोटात जातात आणि त्या जनावराच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. जनावर मेले किंवा कापले गेले आणि हे अवयव कुत्र्याने खाल्ले, की गाठीतील सूक्ष्म डोक्यांपासून कुत्र्याच्या आतड्यात नवे कृमी तयार होतात. साधारण सहा-सात आठवड्यांत तो कुत्रा पुन्हा अंडी टाकू लागतो.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. हाताला, भाजीला, पाण्याला लागलेली अंडी पोटात गेली की माणसाच्या शरीरातही जनावरासारखीच गाठ होते. माणसाच्या आतड्यात हा कृमी राहत नाही, त्यामुळे माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही.

आपल्या भागात धोका कशामुळे?

- मेलेले जनावर गावाबाहेर उघड्यावर टाकले जाते. गावातली कुत्री ते फाडून खातात. म्हातारे जनावर अनेक वर्षे चरलेले असल्याने त्याच्या शरीरात मोठ्या, पिकलेल्या गाठी असण्याची शक्यता जास्त असते.
- शेळी, बोकड किंवा डुकर घरी किंवा बाजाराच्या दिवशी कापले की खराब दिसणारे काळीज आणि फुप्फुस कुत्र्याला टाकले जाते. नेमके हेच भाग धोक्याचे असतात.
- मेंढपाळांच्या कळपाबरोबर कुत्री असतातच. ती अंगणात, शेतात, चुलीजवळ वावरतात आणि मुले त्यांच्याशी खेळतात.
- बोडीचे, मामा तलावाचे किंवा नाल्याचे पाणी गुरे, कुत्री आणि माणसे सगळेच वापरतात.
- मोहफुले, तेंदूपाने गोळा करताना दिवसभर हात मातीत असतात आणि शिदोरी जंगलातच, अनेकदा हात न धुता खाल्ली जाते.

अंडी ओलसर, थंड जागी अनेक महिने जिवंत राहतात. फिनाइलसारख्या जंतुनाशकांनी ती खात्रीने मरत नाहीत. कडक ऊन आणि उकळते पाणी मात्र त्यांना मारते.

लक्षणे

सुमारे ७० टक्के रुग्णांत गाठ यकृतात असते, सुमारे २० टक्क्यांत फुप्फुसात. उरलेल्यांत प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू, हाड अशा कोणत्याही ठिकाणी असू शकते. संसर्ग लहानपणी झालेला असतो आणि त्रास तरुणपणी किंवा मध्यम वयात सुरू होतो. गाठीचा आकार आणि जागा यावर लक्षणे ठरतात.

- यकृतातील गाठ: उजव्या बरगडीखाली जडपणा, हाताला लागणारा गोळा, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे. पित्तनलिकेवर दाब आला किंवा गाठ तिच्यात फुटली तर कावीळ, थंडीताप, तीव्र पोटदुखी.
- फुप्फुसातील गाठ: कोरडा खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त. गाठ श्वासनलिकेत फुटली तर अचानक खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पांढरट तुकडे खोकल्यातून पडतात.
- मेंदूतील गाठ: डोकेदुखी, उलट्या, झटके.

गाठ फुटली तर काय होते?

गाठीतील पाणी स्वच्छ दिसते, पण शरीराच्या दृष्टीने ते परके असते. ते एकदम पोटात किंवा छातीत सांडले तर अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. ही तीव्र ॲलर्जी काही मिनिटांत प्राण घेऊ शकते. रुग्ण यातून वाचला तरी सांडलेल्या सूक्ष्म डोक्यांपासून पुढे पोटभर नव्या गाठी होऊ शकतात. म्हणून गाठ असल्याचे माहीत असलेल्या रुग्णाने पोटावर मार बसेल अशी कामे टाळावीत. पोट चोळून घेणे, गाठ दाबून 'बसवणे' हे प्रकार कधीही करू नयेत.

निदान कुठे चुकते?

१. मलेरियामुळे या भागात प्लीहा वाढलेले रुग्ण बरेच असतात आणि सिकलसेलच्या रुग्णांचेही पोट दुखते. पोटात गोळा लागला की तो त्याचाच असेल असे धरले जाते आणि सोनोग्राफी राहून जाते.

२. यकृतात आमांशाच्या जंतूमुळे होणारा पू आपल्याकडे नेहमी दिसतो. तो सुईने काढतात. हायडॅटिडच्या गाठीला पू समजून तयारीविना सुई घातली तर वर सांगितलेला धोका उभा राहतो. यकृतात पाणी दिसले की सुई घालण्यापूर्वी 'ही हायडॅटिड तर नाही ना?' हा प्रश्न विचारायलाच हवा.

३. खोकला आणि थुंकीत रक्त म्हणजे टीबी, असे समजून औषधे सुरू होतात. थुंकीत टीबीचे जंतू नाहीत आणि एक्स-रेमध्ये गोल, रेखीव सावली आहे, अशा वेळी हायडॅटिडचा विचार करावा.

तपासण्या

पोटाची सोनोग्राफी ही सर्वांत उपयोगी तपासणी आहे. तिच्यात गाठीची दुहेरी भिंत, आतल्या लहान गाठी, सुटून तरंगणारे पडदे दिसतात. फुप्फुसासाठी छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार सीटी स्कॅन करतात. यकृतात गाठ सापडली तर छातीचीही तपासणी करून घ्यावी.

रक्तातील प्रतिद्रव्यांची एलायझा तपासणी निदानाला आधार देते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही, विशेषतः फुप्फुसातील गाठीत. शौच तपासून हा आजार कळत नाही. कातडीत टोचून करायची जुनी कॅसोनी तपासणी आता वापरत नाहीत.

सोनोग्राफीवरून गाठीची अवस्था ठरवतात. सीई १ व सीई २ म्हणजे जिवंत, वाढणारी गाठ. सीई ३ म्हणजे बदलती अवस्था. सीई ४ व सीई ५ म्हणजे निष्क्रिय, घट्ट किंवा चुना साचलेली गाठ. उपचार या अवस्थेवर अवलंबून असल्याने सोनोग्राफीचा कागद आणि फिल्म जपून ठेवा.

उपचाराचे चार मार्ग

- केवळ लक्ष ठेवणे: निष्क्रिय गाठ त्रास देत नसेल तर ऑपरेशनची गरज नसते. ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहायची.
- औषध: यकृतातील ५ सेंटिमीटरपेक्षा लहान, एकाच पोकळीच्या गाठी अनेकदा केवळ अल्बेंडाझोलने निकामी होतात. औषध सहसा तीन ते सहा महिने घ्यावे लागते.
- सुईचा उपचार: निवडक मोठ्या गाठींत सोनोग्राफीखाली सुई घालून पाणी काढतात, जंतू मारणारे द्रावण सोडतात आणि ते परत ओढून घेतात. आधी अल्बेंडाझोल सुरू करून नंतरही किमान महिनाभर द्यावे लागते. ॲलर्जी हाताळण्याची पूर्ण तयारी असलेल्या रुग्णालयातच हे करावे. फुप्फुसातील गाठीसाठी ही पद्धत वापरत नाहीत.
- ऑपरेशन: खूप मोठी, आत अनेक गाठी असलेली, फुटलेली, पू झालेली किंवा पित्तनलिकेत उघडलेली गाठ, तसेच फुप्फुसातील बहुतेक गाठींसाठी.

सोनोग्राफी आणि पहिला सल्ला गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय किंवा चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे मिळू शकतो. मोठ्या ऑपरेशनसाठी नागपूर किंवा सेवाग्रामला जावे लागू शकते. भामरागड, सिरोंचा, एटापल्लीकडच्या कुटुंबाला हा प्रवास म्हणजे मजुरी बुडणे आणि उसनवारी. म्हणून निघण्यापूर्वी रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट बरोबर घ्या आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

अल्बेंडाझोल घेताना

नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला रोज १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाला सहसा ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. गोळी तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घेतली तर शरीरात नीट शोषली जाते, उपाशीपोटी नाही. या औषधाने यकृताला सूज येऊ शकते आणि पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी आणि पुढे दर महिन्याला रक्त तपासावे. कावीळ, ताप किंवा घशात फोड आल्यास गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत हे औषध टाळतात. उपचार चालू असताना दिवस जाऊ नयेत याची काळजी घ्या.

बरे वाटले तरी पुढची किमान पाच वर्षे तपासणी चालू ठेवा. गाठ पुन्हा होऊ शकते.

काही गैरसमज

*'कुत्र्याचा केस पोटात गेला की गाठ होते.'* केसाने गाठ होत नाही. मात्र केसांना चिकटलेली कृमीची अंडी हातावाटे पोटात जाऊ शकतात.

*'मटण खाल्ल्याने हा आजार होतो.'* गाठ असलेले मांस खाऊन माणसाला हायडॅटिड होत नाही. ते मांस कुत्र्याला घातले तर कुत्र्याला कृमी होतात आणि मग त्या कुत्र्याकडून माणसाला धोका.

*'शाळेत जंताची गोळी घेतली आहे, मग भीती नाही.'* जंतनाशक दिनाची एक गोळी आतड्यातील जंतांसाठी चांगली आहे, पण यकृतातल्या गाठीला ती पुरत नाही.

*'कुत्री मारून टाकली की प्रश्न मिटेल.'* मारलेल्या कुत्र्यांच्या जागी नवी कुत्री येतात. उघड्यावर पडलेली जनावरे आणि काळीज-फुप्फुस यांचा बंदोबस्त हाच खरा उपाय.

प्रतिबंध

- मेलेले जनावर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा. वर काटे किंवा दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. हे काम एका घराला जमत नाही, ग्रामपंचायतीने जागा ठरवून द्यावी.
- गाठ दिसलेले काळीज, फुप्फुस कुत्र्याला कधीही टाकू नका. पुरा किंवा जाळा. कुत्र्याला काही द्यायचेच असेल तर अर्धा तास उकळून द्या.
- पाळलेल्या कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वान्टेल द्या. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला ५ मिलिग्रॅम. जंताच्या प्रत्येक औषधात हा घटक नसतो, म्हणून नाव विचारून घ्या. दर सहा आठवड्यांनी देणे उत्तम, निदान वर्षातून चार वेळा तरी द्या. औषधानंतर दोन-तीन दिवसांची विष्ठा पुरून टाका, कारण हे औषध अंड्यांना मारत नाही.
- कुत्र्याला हात लावल्यावर, शेतातून-जंगलातून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. मुलांना ही सवय लावा.
- कच्ची भाजी, जमिनीवर पडलेली फळे धुऊन खा. नाल्याचे, बोडीचे पाणी उकळून प्या.

आइसलँडमध्ये एकेकाळी हा आजार घरोघरी होता. तिथे १८६० च्या दशकात लोकांना साध्या भाषेत माहिती देणारी पुस्तिका वाटली गेली, कुत्र्यांना जनावरांचे अवयव खाऊ देणे थांबवले गेले, आणि पुढे हा आजार तिथून नाहीसा झाला. त्या काळी ना सोनोग्राफी होती ना अल्बेंडाझोल. न्यूझीलंडनेही कुत्र्यांना औषध आणि अवयवांची विल्हेवाट या मार्गाने २००२ मध्ये आजारावर ताबा मिळवल्याचे जाहीर केले.

लगेच दवाखान्यात जा, जर

- पोटात गोळा लागत असेल किंवा उजव्या बाजूचा जडपणा महिनाभर टिकला असेल
- खोकल्यातून खारट पाणी, पांढरे पापुद्रे किंवा रक्त पडले असेल
- गाठ असलेल्या रुग्णाला मार लागला, एकदम पोटात कळ आली, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली असेल. अशा वेळी वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि 'याला हायडॅटिडची गाठ आहे' हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.