बोनेटवरचे नाव
(प्रस्तावना)

मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा, दोन्ही २०१९ सालच्या, शेजारी शेजारी उभ्या करा. दारे तीच, छत तेच, दिवे तेच, आत बसलात तर डॅशबोर्डही तोच. फरक पुढच्या जाळीत आणि मोनोग्राममध्ये: बोनेटच्या टोकाला, डिक्कीवर, चाकांच्या मधोमध आणि स्टिअरिंगवर. गाडी सुझुकीने बनवली आणि टोयोटाला पुरवली. भारतात एकमेकांना गाड्या पुरवण्याचे दोन्ही कंपन्यांनी मार्च २०१८ मध्येच जाहीर केले होते, त्यामुळे यात लपवाछपवी काही नाही. तरीही एकाच गल्लीत एक जण बलेनो घेतो, दुसरा ग्लान्झा, आणि आपण नीट विचार करून घेतली याची दोघांनाही खात्री असते. ही खात्री येते कुठून, हा या अभ्यासाचा मूळ प्रश्न. त्याच्या दाराशी आलेल्या वाचकाचे मनापासून स्वागत.

या विषयात कुडव्यासारख्या गावातून शिरावे, असे मला वाटते. गोंदिया शहराला लागून असलेले हे गाव. जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवरचा, म्हणून एमएच ३५ च्या जोडीला बालाघाटची एमपी ५० आणि राजनांदगावची सीजी ०८ या पाट्याही इकडे सहज दिसतात. इथे कार घेणे हा घरातला मोठा निर्णय असतो. धानाचे पैसे हाती आले की नाही, कर्जाचा हप्ता झेपेल का, आधी घेतलेल्या मामेभावाचा अनुभव काय, ओळखीचा मिस्त्री काय म्हणतो, सगळे विचारून होते. अशा सल्लामसलतीत ब्रँडची वीण उसवून पाहता येते. जाहिरातीत एकसंध दिसणारे नाव इथे सुटे होते: पत्रा कुणाचा, इंजिन कुणाचे, पार्ट कुठे मिळणार, विकताना किती येणार, आणि बिघडली तर ऐकून कोण घेणार.

ग्लान्झाच्या बाबतीत शेवटच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर होते. ती बाजारात आली तेव्हा टोयोटा तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी देत होती, तर बलेनोला तेव्हा दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरची होती. इंजिन एक, पण त्याची जबाबदारी घेण्याची मुदत वेगळी. हे समजून ग्लान्झा घेणाऱ्याला नावाला भुललेला म्हणणे अन्यायाचे आहे. उलट, मारुतीचे पार्ट तालुक्याच्या दुकानातही मिळतात म्हणून बलेनो घेणाराही तितकाच शहाणा. मालक फसलेला असतो हे गृहीत धरून या क्षेत्रात बरेच बोलले जाते. ते गृहीतक दारातच सोडून आत यावे, एवढी माझी विनंती आहे.

मात्र नाव एकाचे दुसऱ्याला चढवले की दरवेळी सारखेच फळ मिळते, असे नाही. जुलै २०२३ मध्ये टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीने इन्व्हिक्टो या नावाने आणली. बिडदीच्या टोयोटाच्या कारखान्यातूनच ती येते, पण तिचा खप हायक्रॉसच्या मानाने फारच थोडा. लहान गाडीवर टोयोटाचे नाव लोकांनी मानले. पंचवीस लाखांच्या गाडीवर मारुतीचे नाव मानायला ते बिचकले. नावाला उंची असते आणि ती कंपनीने ठरवून ठरत नाही, हे यातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कुठल्याच उदाहरणातून मला दिसलेले नाही.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेची क्रायसलर कंपनी डॉजचाच ट्रक फार्गो नावानेही विके; कारण साधे, आपल्या निरनिराळ्या विक्रेत्यांच्या दुकानात प्रत्येकी एक ट्रक असावा. ब्रिटनमध्ये १९६२ पासून एकच छोटी मोटार ऑस्टिन, मॉरिस, एमजी, वुल्झ्ली, रायली आणि व्हॅन्डन प्लास अशा सहा नावांनी विकली गेली. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. कागदावर नाव बदलले, पण मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी आणि प्रवाशांनी तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, तोवर फियाटने भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणेही थांबवले होते. इकडे विदर्भात 'काळी-पिवळी' म्हटले की डोळ्यांपुढे येते ती माणसांनी भरलेली महिंद्राची किंवा ट्रॅक्स गाडी, आणि तिला सरसकट जीप म्हणतात. मोनोग्राम लावायचा हक्क कंपनीचा असेल, पण गाडीला काय म्हणायचे हे चालवणारे आणि बसणारे ठरवतात. अभ्यासकाने विक्रीच्या आकड्यांइतकेच हे बोलणेही टिपले पाहिजे.

नक्कल या शब्दाशी इथे फार जपून वागावे लागते. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीजच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केली, ती रीतसर परवान्याने. त्याच घराण्यातली रॉक्सर महिंद्राने अमेरिकेत नेली, तेव्हा जीपची मालकी असलेल्या फियाट क्रायसलरने २०१८ मध्ये तक्रार केली. २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने रॉक्सरचे रूप जीपच्या रूपाचे उल्लंघन करते, असे ठरवले. महिंद्राने चेहरा बदलला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. वंश एकच असला, तरी परवानगी कुठवर पुरते हे वेगळेच राहते. आणि मालकांची स्वतःची नक्कल तर कुठल्याच करारात बसत नाही: रेनो डस्टरवर डासियाचे मोनोग्राम मागवून लावणारे आहेत, थारला जीपसारखी जाळी बसवणारे आहेत, खालच्या मॉडेलवर वरच्या मॉडेलची अक्षरे चिकटवणारेही आहेत. यातला डस्टरवाला खोटे बोलत नाही. आपली गाडी मुळात रोमानियाच्या कंपनीची, हे माहीत असल्याचा त्याला अभिमान आहे. अक्षरे चिकटवणाऱ्याला वेगळेच काही हवे असते. या दोघांना एकाच रकान्यात टाकणारा अभ्यास मला अपुरा वाटतो.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कुठून करावी, असे कुणी विचारले तर मी नाशिककडे बोट दाखवीन. डासियाची लोगान २००४ मध्ये रोमानियात आली. २००७ मध्ये ती नाशिकला महिंद्रा रेनो या भागीदारीतून तयार होऊ लागली, तेव्हा तिच्या नाकावर रेनोचा चौकोन होता. भागीदारी मोडली, २०१० मध्ये महिंद्राने रेनोचा वाटा घेतला आणि २०११ मध्ये तीच गाडी महिंद्राच्या चिन्हासह व्हेरिटो झाली. रेनोचे डिझेल इंजिन मात्र आत तसेच राहिले. एकाच कारखान्यातून, एकाच गाडीच्या नाकावरचे नाव बदलले आणि मालक दोन्हीकडचे आहेत. त्यांच्याकडे जा. आरसीवर बनवणाऱ्याचे नाव काय आहे ते पाहा, सर्व्हिसची बिले मागा, आणि पार्टच्या दुकानात गेल्यावर ते गाडीचे नाव काय सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.