नाखुदा आणि भाड्याचा दिवस

कोकण किनाऱ्यावर आजही होडीच्या मालकाला नाखवा म्हणतात आणि तिच्यावरच्या माणसांचा जो म्होरक्या, त्याला तांडेल. हे शब्द किती जुने आहेत ते पाहायचे असेल तर अबुल फजलची ‘आईन-ए-अकबरी’ उघडावी. मीर बहरीच्या प्रकरणात त्याने जहाजावरच्या माणसांचे बारा प्रकार दिले आहेत. नाखुदा, मुअल्लिम, तंडील, सरहंग, भंडारी, खारवा... निम्मी नावे आपल्या बंदरांवर अजून ऐकू येतात. नाखुदा म्हणजे नावेचा खुदा, मालक. जहाज कुठे जायचे ते तो ठरवतो. मुअल्लिमला समुद्राची खोली, उथळ जागा आणि ताऱ्यांचे ज्ञान हवे, कारण जहाज सुखरूप नेण्याची जबाबदारी त्याची. सातगाव बंदरातले पगारही अबुल फजलने लिहून ठेवलेत. नाखुद्याला 400 रुपये, मुअल्लिमला 200, तंडीलला 120. त्यावर नाखुद्याला स्वतःचा माल भरायला जहाजात जागा.

या उतरंडीत एक गोष्ट गृहीत आहे. उतारू कितीही मोठा असो, सौदागर असो की हजला निघालेला अमीर, भर दर्यात शब्द चालायचा तो जहाजवाल्याचा. मला ज्या धंद्याबद्दल लिहायचे आहे, त्यात नेमके हेच उलटे झाले. हौसेने मासे धरायला येणाऱ्या पर्यटकांना बोट आणि स्वतःला दिवसाच्या भाड्याने देणारा कप्तान, इंग्रजीत ज्याला चार्टर कॅप्टन म्हणतात, तो नाखुदाही असतो, मुअल्लिमही आणि तांडेलही. बोट त्याची, कर्ज त्याचे, ज्ञान त्याचे. तो दिवस मात्र गिऱ्हाइकाचा. गेल्या सव्वाशे वर्षांत या माणसाने वेगवेगळ्या किनाऱ्यांवर एकच झगडा केला आहे, पैसे देणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा.

या धंद्याला आजचे रूप आले ते अमेरिकेत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर सँटा कॅटॅलिना नावाचे बेट आहे, त्यावर अ‍ॅव्हलॉन हे गाव. जून 1898 मध्ये चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या हौशी निसर्ग-अभ्यासकाने तिथे काठी आणि रीळ वापरून 183 पौंडांचा ट्यूना धरला आणि त्याच वर्षी ‘ट्यूना क्लब’ काढला. एवढा मोठा मासा बारीक दोरीवर धरता येतो, हीच त्या काळी बातमी होती. क्लबने नियम केले. दोरी ठरावीक ताकदीची हवी आणि मासा होडीपर्यंत गिऱ्हाइकानेच ओढून आणायला हवा, होडीवाल्याने मदत करायची नाही. होल्डरच्या होडीवर जिम गार्डनर नावाचा होडीवाला होता. मासा कुठे मिळेल, होडी कुठे वळवायची, मासा खाली बुडी मारतो तेव्हा वेग किती ठेवायचा, हे सगळे अशा होडीवाल्यांचे काम. विक्रमाच्या वहीत नाव मात्र काठी धरणाऱ्याचे लागे. याच अ‍ॅव्हलॉनच्या जॉर्ज फार्न्सवर्थ या कप्तानाने पुढे पतंगाला दोरी बांधून आमिष बोटीपासून दूर, पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवण्याची युक्ती रुजवली. इंडोनेशिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे कोळी ती फार पूर्वीपासून वापरत होतेच. ज्ञान कोळ्याचे आणि कीर्ती पाहुण्याची, ही वाटणी या धंद्यात पहिल्या दिवसापासून आहे.

अ‍ॅव्हलॉनची गोष्ट श्रीमंतांच्या हौसेची. फ्लोरिडाच्या टोकाला असलेल्या की वेस्टची गोष्ट पोटाची आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. हे बेट एकेकाळी फुटलेल्या जहाजांचा माल काढण्यावर गबर झाले होते. मग सिगारचे कारखाने, समुद्री स्पंज आणि कासवे. एकेक धंदा गेला. सिगारवाले टँपाला गेले, स्पंजचा व्यापार टार्पन स्प्रिंग्सच्या ग्रीक पाणबुड्यांकडे गेला, नौदलाचा तळ आखडला. 1934 साली शहराचे दिवाळे निघाले आणि नगरपालिकेने कारभारच राज्यपालाच्या हाती सोपवला. केंद्राच्या मदत-खात्याचा ज्युलियस स्टोन नावाचा अधिकारी आला आणि त्याने ठरवून टाकले की या बेटाने आता पर्यटकांवर जगायचे. लोकांकडून श्रमदान करून घेतले, किनारे झाडले, घरे रंगवली. पाहुण्यांसाठी 48 प्रेक्षणीय स्थळांची यादी छापली, त्यात अर्नेस्ट हेमिंग्वेचे राहते घरही घातले. तो चिडला, पण यादीतून घर काही निघाले नाही. पुढच्याच वर्षी, 2 सप्टेंबर 1935 ला, आलेल्या चक्रीवादळात चारशेहून अधिक माणसे मेली आणि 1912 पासून बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा रेल्वेमार्ग उखडला. त्याच पुलांवरून 1938 मध्ये मोटाररस्ता सुरू झाला. मोटारी आल्या, मोटारींबरोबर काठ्या घेतलेले लोक आले. कालपर्यंत मासे विकणारा कोळी आता मासे धरण्याचा दिवस विकू लागला.

हेमिंग्वे स्वतः ज्याच्या बोटीवर शिकला तो जो रसेल असाच. की वेस्टला त्याचे दारूचे दुकान होते, ‘अनिता’ नावाची बोट होती, आणि दारूबंदीच्या काळात नव्वद मैलांवरच्या हवानाहून तो चोरून दारू आणायचा. हेमिंग्वेच्या ‘टू हॅव अँड हॅव नॉट’ (1937) या कादंबरीतला हॅरी मॉर्गन असल्याच कप्तानांवरून घडला. त्या कादंबरीची सुरुवात या धंद्यातल्या प्रत्येकाला अंगावर आल्यासारखी वाटेल. गिऱ्हाईक अनेक दिवस बोट वापरते, कप्तान सांगतो ते ऐकत नाही, मोठा मासा आणि त्याबरोबर महागडी काठी-रीळ समुद्रात घालवते आणि हिशेब न चुकवता विमानाने निघून जाते.  कप्तानाच्या हातात बोट उरते, पण तेलाला पैसे नाहीत. तिथून तो माणसांच्या चोरट्या वाहतुकीत उतरतो. टीकाकार या कादंबरीला हेमिंग्वेच्या थोर कृतींत धरत नाहीत. ते बरोबरही असेल, पण हातावर पोट असलेला होडीवाला एका बुडीत उधारीने कसा घसरतो, हे इतक्या थोड्या पानांत मी दुसरीकडे वाचलेले नाही.

कादंबरीबाहेरचा दिवसही काही सोपा नसतो. पहाटे चारला उठून बर्फ, आमिष, डिझेल. उजाडताना गिऱ्हाईक येते, त्यातल्या एकाने रात्री जास्त घेतलेली असते आणि धक्का सुटल्यावर तासाभरात त्याला बोट लागते. कप्तान वरच्या मजल्यावरून पक्षी बघतो, पाण्याचा रंग बघतो, प्रवाहाची कड शोधतो. खाली खलाशी आमिष लावतो, गुंता सोडवतो, विनोद करतो, कारण त्याची खरी कमाई बक्षिशीवर असते. मासे लागले तर कप्तान हुशार, न लागले तर त्याला समुद्र कळत नाही. परतल्यावर मासे साफ करून द्यायचे, बोट धुवायची, यंत्राचा आवाज बदललाय का ते ऐकायचे. वारा सुटला आणि दिवस रद्द केला तर पैसे परत. बँकेचा हप्ता वाऱ्याला थांबत नाही.

म्हणूनच 1 सप्टेंबर 1951 चा दिवस या धंद्याच्या इतिहासात सगळ्यात मोठा. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या टोकाला मोंटॉक आहे. शहरातल्या कामगारांना मासे धरायला घेऊन येणारी खास रेल्वेगाडी तिथे यायची. ही मंडळी अख्खी बोट भाड्याने घेणारी नव्हती. माणशी पैसे भरून ज्या बोटीत जागा मिळेल त्यात चढणारी. गाडी थांबली की लोक चांगली जागा पकडायला धावत सुटायचे. त्या शनिवारी, सुटीच्या लांब आठवड्याच्या तोंडावर, एडी कॅरोल या कप्तानाच्या ‘पेलिकन’ बोटीवर ते असेच चढत गेले. बोट 42 फुटांची. निघाली तेव्हा तिच्यावर 64 माणसे होती.

हवामान बिघडले, कॅरोलने परत फिरायचे ठरवले, दोनपैकी एक इंजिन बंद पडले. ईशान्येचा वारा आणि उलट प्रवाह यांच्या कचाट्यात बोट तासन् तास रखडली आणि मोंटॉकच्या दीपगृहाजवळ उलटली. 45 जण मेले, त्यात कॅरोलही होता. 19 वाचले.

कॅरोलकडे परवाना होता. अनुभव होता. कायदाही त्याने मोडला नव्हता, कारण एवढ्या लहान बोटीत किती माणसे घ्यावीत याला कायद्याची मर्यादाच नव्हती. मर्यादा फक्त कप्तानाच्या तोंडी होती. शहरातून तिकीट काढून आलेल्या, सुटीचा एकच दिवस असलेल्या माणसाला धक्क्यावर उभे ठेवून ‘बस, आता पुरे’ म्हणायचे, आणि तो शेजारच्या बोटीत चढून पैसे तिकडे देणार हे माहीत असून म्हणायचे. कॅरोलला दोष देणे सोपे आहे. तो दोषी होताच. पण त्या धक्क्यावर ‘नाही’ म्हणणाऱ्याचे नुकसान व्हावे अशीच सगळी व्यवस्था होती. 1956 साली कायदा झाला. सहापेक्षा जास्त उतारू नेणाऱ्या बोटीची तटरक्षक दलाकडून तपासणी आणि उतारूंची संख्या ठरवलेली. तपासणीशिवाय चालणाऱ्या बोटीवर सहाच पाहुणे. तिकडच्या बोलीत लहान परवान्याला ‘सिक्स-पॅक’ म्हणतात ते यामुळे. कप्तानाला जे बोलता येत नव्हते ते आता कागद बोलू लागला. आपल्याकडे जत्रेच्या किंवा नाताळच्या गर्दीत किल्ल्याच्या होडीत बसलेल्यांनी हे जरूर आठवावे.

ज्या वर्षी ‘पेलिकन’ बुडाली त्याच वर्षी मोंटॉकला फ्रँक मंडस नावाचा कप्तान आला. इतर मासे शोधताना सतत शार्क लागतात हे बघून त्याने त्याचीच जाहिरात केली, ‘मॉन्स्टर फिशिंग’. 1964 मध्ये त्याने भाल्याने मारलेला पांढरा शार्क 4,500 पौंडांचा सांगतात, आणि 1986 मध्ये त्याच्या बोटीवर काठी-रिळाने 3,427 पौंडांचा धरला गेला. ‘जॉज’मधला क्विंट आपल्यावरूनच घेतला, असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. लेखक पीटर बेंचली मानत नव्हता. 1975 च्या त्या चित्रपटानंतर जो तो शार्क मारायला निघाला. गंमत म्हणजे म्हातारपणी हाच मंडस शार्क धरून सोडून द्या, गळ असा वापरा की त्याच्या पोटात रुतणार नाही, असे सांगत फिरला. 2008 मध्ये तो वारला.

एवढे मासे मारल्यावर उरले किती, याचा एक पुरावा की वेस्टच्या ग्रंथालयात पडून होता. परतलेल्या बोटींचे मासे धक्क्यावर फळीला टांगायचे आणि पाहुण्यांनी त्यापुढे उभे राहून फोटो काढायचा, ही तिथली जुनी रीत. लॉरेन मॅक्लेनाखन या संशोधक बाईंनी 1956 पासूनचे असे फोटो मापले आणि 2007 च्या फोटोंशी ताडून पाहिले. टांगलेल्या माशाचे सरासरी वजन सुमारे 19.9 किलोवरून 2.3 किलोवर आले होते. माणसांच्या चेहऱ्यावरचे हसू मात्र तेवढेच. आणि महागाई वजा केली तर भाडेही जवळपास तेवढेच. गिऱ्हाईक माशासाठी पैसे देत नव्हते, फोटोसाठी देत होते. पन्नास वर्षांचा फरक फक्त त्याला कळत होता जो रोज त्या फळीवर मासे टांगत होता.

मग सरकारने मर्यादा आणल्या. मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर हा तांबडा मासा या धंद्याचा कणा. केंद्राच्या हद्दीत तो हौसेने धरायला 2007 मध्ये 194 दिवस मोकळे होते, 2014 मध्ये अवघे 9. पुढे चार्टर बोटींचा हंगाम खाजगी बोटींपासून वेगळा केला तेव्हा 2015 मध्ये त्यांना 44 दिवस मिळाले. मध्येच 20 एप्रिल 2010 ला ‘डीपवॉटर होरायझन’ हा तेलाचा फलाट फुटला आणि ऐन हंगामात आखातातल्या केंद्राच्या पाण्यापैकी एक तृतीयांशाहून जास्त भाग मासेमारीला बंद झाला. पर्यटक गेले. ज्या कंपनीच्या विहिरीतून तेल सांडले तिनेच चार्टर बोटी रोजावर घेऊन तेल गोळा करायला लावल्या. पैसे मिळत होते, काही जणांना मासेमारीपेक्षा जास्तही. तरी त्या जूनमध्ये अलाबामातल्या एका चार्टर कप्तानाने स्वतःच्या बोटीवर स्वतःला गोळी घातली. तो तेव्हा या सफाईच्या कामावरच होता.

अलीकडची हकीकत वेगळ्याच बाजूने जाते. आखातातल्या चार्टर बोटींवर चोवीस तास जागा कळवणारे यंत्र बसवा, असा नियम केंद्रीय मत्स्य-खात्याने केला. माशांची मोजदाद नीट व्हावी हा हेतू, आणि तो वाईट नव्हता. पण कप्तानाची पुंजी म्हणजे त्याच्या जागा. कोणत्या बुडालेल्या जहाजावर, कोणत्या खडकावर, कोणत्या भरतीला मासा येतो, याच्या वह्या बापाकडून मुलाकडे जातात, जशा आपल्या दर्यातल्या मुअल्लिमांच्या रहनामा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वह्या जात. लुइझियाना आणि फ्लोरिडातले कप्तान न्यायालयात गेले. तेराशेहून अधिक बोटींचा प्रश्न होता. फेब्रुवारी 2023 मध्ये पाचव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने नियम रद्द केला. आज त्या बोटी सकाळी धक्का सोडून आखातात कुठे वळतात, ते कप्तानाला ठाऊक असते, खलाशाला ठाऊक असते, आणि सहा पाहुणे आपला फोन बाहेर काढेपर्यंत किनारा मागे पडलेला असतो.