घरोघरची शुश्रूषा आणि रोगाची गणना

परिचारिका म्हटली कीं रुग्णालयांतील खाट डोळ्यांपुढें येते. परंतु सार्वजनिक आरोग्याची परिचारिका घरोघर फिरते. आणि साथ कोठून आली, कोणास धरते, कशी पसरते हें मोजणारें शास्त्र तिचें जुळें भावंड होय. आपल्या पुणें जिल्ह्यांत या दोघांची प्रथम ताटातूट कशी झाली, हें या महोत्सवी अंकाच्या वाचकांपुढें आम्ही मांडीत आहों.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानांत कधींच आल्या नाहींत. तरी येथील छावण्यांचे तक्ते मागवून, गोऱ्या शिपायांत दरसाल हजारीं ६९ मरतात व तेही बहुधा घाण पाण्यानें आणि कोंदट बराकींनीं, असें त्यांनीं सन १८६३ च्या सुमारास दाखविलें. दिवा घेऊन फिरणारी बाई सर्वांस ठाऊक आहे. तक्ते घेऊन बसलेली आमच्या मतें तिच्याहून थोर.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत गोमंतकीय डॉक्टर व्हिएगश यांनीं गांठीचा प्लेग ओळखला. लवकरच तो पुण्यास पोहोंचला. तेथें डॉ. यशवंत फुले यांनीं शहराबाहेर दवाखाना उघडला, व त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई, वय वर्षें ६६, रोग्यांस तेथें आणीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर वाहून आणलें. त्यांनाही प्लेगनें गांठलें आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या.

त्याच महिन्यांत रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीचे शिपाई घरांत शिरूं लागले. रोगी हुडकावा, वेगळा ठेवावा, हें शास्त्रास धरूनच होतें. पण बूट घालून देवघरांत शिरणें, स्त्रियांची उघड्यावर तपासणी, सामानाची जाळपोळ, यांमुळें लोक रोगी लपवूं लागले; आणि लपविलेला रोगी कोणत्याही तक्त्यांत येत नाहीं. २२ जूनला रँड यांजवर गोळी झाडली गेली, त्यांतच त्यांचा अंत झाला.

दैवाचा खेळ असा कीं, एवढ्या झडतींत खरा अपराधी सांपडलाच नाहीं. सन १८९८ त कराचीस पॉल-लुई सिमों यांनीं उंदरावरील पिसू दाखविली. तेव्हां पुष्कळांनीं त्यांची थट्टा केली. १९०५ पासून मुंबईंत झालेल्या प्रयोगांनीं तें खरें ठरलें. ओझरास विघ्नहराच्या दर्शनाला माणसें येतात आणि नारायणगांवच्या बाजारास धान्याचीं पोतीं. धोका माणसाबरोबर चालतो कीं पोत्याबरोबर, हें कळल्यावांचून नाका कोठें बसवावा?

रमाबाई रानडे यांच्या पुण्यांतील सेवासदनानें (१९०९) स्त्रियांना परिचारिकेचें शिक्षण देण्यास आरंभ केला. त्या काळीं घरंदाज स्त्रीनें परक्याची जखम धुणें हीच मोठी क्रांति. पुढें १९७० पासून जामखेडास डॉ. आरोळे दांपत्यानें निरक्षर खेडूत बायांनाच गांवच्या आरोग्याची राखण शिकविली.

आज मैदानी मुलुखांत पांच हजार व जुन्नर-आंबेगांवच्या आदिवासी डोंगरपट्ट्यासारख्या ठिकाणीं तीन हजार वस्तीस एक उपकेंद्र असावें, असा सरकारी नियम आहे. तेथील नर्सबाई वस्तीवर निघतात तेव्हां लसीचा डबा आणि नोंदवही अशीं दोन्ही बरोबर घेतात.