घराण्यातली कावीळ

बरूच ब्लूमबर्ग यांना काविळीशी काही देणंघेणं नव्हतं. माणसामाणसाच्या रक्तात आनुवंशिक फरक काय असतात, याचं त्यांना कुतूहल होतं. त्यासाठी हे अमेरिकी डॉक्टर जगभरातून रक्ताचे नमुने जमवत होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या प्रयोगशाळेत दोन नमुने एकमेकांशेजारी ठेवले गेले. एक न्यूयॉर्कच्या हिमोफिलियाच्या रुग्णाचा, ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त चढवलेलं होतं. दुसरा ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा. दोन्हींच्या मधे एक बारीक रेघ उमटली. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या रक्तात असं काहीतरी होतं, की ज्याच्याशी लढायला न्यूयॉर्कचं रक्त आधीच शिकलं होतं. त्या ‘काहीतरी’चं नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. ते एकाच कुटुंबातल्या अनेकांत सापडायचं, म्हणून ब्लूमबर्गना वाटलं की ते आईबापांकडून येणारं जनुकीय लक्षण असावं.

हा अंदाज साफ चुकला, पण मला तो फार ओळखीचा वाटतो. ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते लिव्हरचं’ हे वाक्य आपल्याकडे लग्नं ठरवताना, मयताला जमल्यावर सर्रास ऐकू येतं.

१९६७ साली ब्लूमबर्ग यांच्या फिलाडेल्फियातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बार्बरा वर्नर आजारी पडल्या. त्यांनी स्वतःचंच रक्त तपासलं. आधी नसलेला ऑस्ट्रेलिया अँटिजेन आता त्यात होता आणि त्यांना झाली होती कावीळ. जनुक असं मधेच उगवत नाही. हा विषाणू होता, ज्याला आपण आज हिपॅटायटिस बी म्हणतो. ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. मग तो घराण्यात का दिसतो, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

उत्तर तैवानमध्ये सापडलं. तिथे प्रौढांपैकी १५ ते २० टक्के लोक हा विषाणू अंगात बाळगून होते. बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. आपल्याकडे याला पांढरी कावीळ म्हणतात, ते नाव मला तसं पटतं. डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याकडेही कुणी जात नाही, कारण उतरवायला काही दिसतच नाही.

क्लॅड स्टीव्हन्स, पामर बीझली आणि त्यांच्या तैवानी सहकाऱ्यांनी तैपेईत अशाच, वरून ठणठणीत असलेल्या गरोदर बायकांच्या बाळांकडे लक्ष ठेवलं. १९७५ साली छापून आलं की पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ४० टक्के बाळांच्या रक्तात विषाणू सापडला. ज्या आयांच्या रक्तात ‘ई’ अँटिजेनही होता, म्हणजे विषाणू जोरात वाढत होता, त्यांच्या दहापैकी नऊ बाळांपर्यंत तो पोचत होता, हे पुढे कळलं. पण खरी गंमत वेळेत होती. बहुतेक बाळं जन्मली तेव्हा रक्त स्वच्छ होतं. विषाणू दिसायला काही आठवडे, महिने लागले. म्हणजे लागण पोटात वाढताना क्वचितच होत होती. ती होत होती बाळंतपणाच्या वेळी, आईच्या रक्तातून. आणि लागण होऊन विषाणू मूळ धरेपर्यंत मधे थोडी फट राहत होती.

या फटीचं मोल कळायला दुसरा एक अभ्यास लागला. बीझली यांच्या गटानं तैवानच्या २२,७०७ पुरुषांवर अनेक वर्षं नजर ठेवली. विषाणू बाळगणाऱ्यांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या २२३ पट निघाला. मोठेपणी लागण झाली तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक लोक विषाणूला हुसकावून लावतात. जन्मताच झाली तर दहातली नऊ मुलं त्याला आयुष्यभर सांभाळतात. चाळिशी-पन्नाशीत गेलेल्या त्या माणसांचा आजार बहुधा बाळंतिणीच्या खोलीत सुरू झाला होता.

मग त्याच खोलीत प्रयोग झाले. जन्मानंतर लगेच बाळाला तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, आणि सोबत नवी लस. १९८३ मधले निकाल सांगतात की ‘ई’ अँटिजेन असलेल्या आयांच्या बाळांतही ९४ टक्के बचाव झाला. जुलै १९८४ पासून तैवाननं बाधित आयांच्या बाळांना सरकारी लस द्यायला सुरुवात केली, १९८६ पासून सगळ्याच बाळांना. त्या काळची लस माणसांच्याच रक्तद्रवातून काढलेली होती, तेव्हा आमच्या मुलांवर प्रयोग करता का, असं विचारणारे लोक तिथेही होते. मला ते मूर्ख वाटत नाहीत. १० वर्षांत तैपेईतल्या मुलांमधलं विषाणूचं प्रमाण ९.८ वरून १.३ टक्क्यावर आलं आणि लहान मुलांमधला यकृताचा कर्करोग निम्म्यावर. लशीनं कर्करोग टळतो, हे त्या मुलांमुळे पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

भारतात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये देशी लस काढली आणि किमती उतरल्या. तरी ती देशभरच्या सरकारी लसीकरणात यायला २०११ उजाडलं. तैवाननंतर पंचवीस वर्षांनी! मधल्या काळात जन्मलेल्या मुली आज आई होत आहेत. हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या कित्येक जणी त्याच.

माझी मावसबहीण त्यातलीच. तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ आलं आणि सासरी तिचं ताट-पेला वेगळा झाला. हा आजार एका ताटात जेवून पसरत नाही, हे कुणी ऐकून घेईना. सासूबाईंचा एकच सवाल : “हे आणलंस कुठून?” ती रडायची, कारण तिच्याकडे उत्तर नव्हतं. रक्तातल्या विषाणूची मोजणी केली तर ती दोन लाखांच्या कितीतरी वर निघाली, म्हणून सातव्या महिन्यापासून टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू झाली. इतका विषाणू असला की नुसती लस कधीकधी कमी पडते. बाळ शनिवारी रात्री झालं. लस दवाखान्यात होती, इम्युनोग्लोब्युलिन नव्हतं. तिचे मिस्टर पहाटे मोटरसायकलवर जिल्ह्याच्या गावाला गेले आणि बर्फाच्या डब्यातून ते घेऊन आले. बाळाला तेव्हा अकरा तास झाले होते. चोवीस तासांच्या आत द्यायचं असतं. अंगावर पाजू का, हे ती भीतभीतच विचारत होती. डॉक्टर म्हणाल्या, पाज की. त्याचीही पाहणी तैपेईत १९७५ सालीच झाली होती. दुधानं धोका वाढत नाही.

वर्षाच्या आसपास बाळाचं रक्त तपासलं, निगेटिव्ह आलं. मग डॉक्टरांनी तिच्या आईला बोलावलं. माझ्या मावशीला, वय एकसष्ट, कधी डोकं दुखल्याचं आठवत नाही. तिचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आता ती दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला जाते. मागच्या वेळी तिच्यासोबत रिक्षातून व्याहीणबाईही आल्या होत्या.