मोरसची साखर

आमची आजी पांढऱ्या साखरेला कधी साखर म्हणत नसे. ती म्हणे 'मोरस'. पाहुणा ओटीवर टेकला की माजघरातून तिचा आवाज येई, "चहात गूळ घालू की मोरस?" मॉरिशस बेटावरून मुंबई बंदरात उतरणाऱ्या साखरेला बेटाचेच नाव चिकटले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पण त्या शब्दाशी आमच्या घराचे आणखी एक नाते होते, आणि त्याविषयी आजी फारशी बोलत नसे.

घरात वंशावळीचा एक जीर्ण कागद आहे. त्यात खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचे, राघूचे, नाव आहे. इतरांच्या नावांखाली मुलानातवंडांच्या रेघा फुटल्या आहेत. राघूखाली मात्र कोरा कागद, आणि शेजारी मोडीत दोनच शब्द : 'मोरसास गेला'. मेला असे नाही, परतला असेही नाही, नुसता गेला.

यंदा भाद्रपदात मीही मोरसास गेलो. चिरंजीव नोकरीनिमित्त दोन वर्षे तिथे आहेत. "बाबा, या ना एकदा," असा त्यांचा आग्रह. घरचा गणपती धाकट्या भावावर सोपवून निघताना मन खात होते. सत्तर वर्षांत मी पहिल्यांदाच चतुर्थीला रत्नागिरीबाहेर होतो. पण राघूचे कोडे त्याहून अधिक खात होते.

बेट लहानसे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तसली चार सहज मावतील. डोंगर काळ्या दगडाचे, किनाऱ्याला माड, अंगणात फणस आणि आंबा, आमची सौ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, आपण गणपतीपुळ्याला तर नाही ना आलो?" फरक एवढाच, की जिथे पाहावे तिथे ऊस. या उसापायीच तर सारा इतिहास घडला.

इंग्रजांनी १८१० साली हे बेट फ्रेंचांकडून घेतले. मळ्यांवर आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेले गुलाम राबत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस मात्र तोडावाच लागे. मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले, आणि पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्याच वाटेने आली. बहुतेक बिहारकडची, कित्येक मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून चढलेली आपली कोकणी माणसे. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. सुरुवातीला परतीचे भाडे मिळे. पुढे तीही सवलत गेली.

आपला माणूस का गेला असेल, हे कोकणी वाचकाला समजावून सांगायला नको. कातळावरची वरकस जमीन, मोठे कुटुंब, आणि पिकले त्यातला वाटा खोताच्या घरी. ती खोती कायद्याने जायला १९४९ साल उजाडावे लागले.

इतिहासाची थट्टाही पाहा. ज्या सरकारच्या राज्यात रत्नागिरीचे कुळवाडी समुद्रापार गेले, त्याच सरकारने १८८६ साली ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला समुद्रापारहून रत्नागिरीत आणून ठेवले. राजासाठी पुढे राजवाडा बांधला. तो आपण पाव्हण्यांना हौसेने दाखवतो. राघूसारख्यांसाठी बेटावर झावळ्यांच्या, गवताच्या झोपड्या होत्या.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर 'आप्रवासी घाट' आहे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. युनेस्कोने २००६ साली तो जागतिक वारशाच्या यादीत घेतला. बोटीतून उतरलेला माणूस काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या चढून आत येई. नात चिमी, वय वर्षे आठ, ती मोजत चढली आणि वर जाऊन म्हणाली, "आजोबा, सोळाच आहेत. मग ते उतरून परत का नाही गेले?"

मला उत्तर सुचले नाही.

मोका गावी महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदी जतन केल्या आहेत : नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जिल्हा, पुढच्या काळातले फोटोही आहेत. तिथल्या बाईंनी आपुलकीने शोध घेतला. रत्नागिरीचे स्पेलिंग दर पानावर निराळे, आणि राघू एक नव्हे, पाच निघाले! आडनाव कुणालाच नाही. गावांची नावे गोऱ्या कारकुनाने कानाला आली तशी लिहिलेली. आमचे गाव त्यांत असेलही, नसेलही. "यातले तुमचे कोण?" बाईंनी विचारले. मी पाचही नावे वहीत उतरून घेतली.

चतुर्थीला आम्ही चिरंजीवांच्या एका सहकाऱ्याच्या घरी गेलो. कास्काव्हेल हे तिथले मराठी वस्तीचे गाव. घरात गणपती, आणि तोही दीड दिवसाचा! गणेशोत्सवाची तिथे सरकारी सुट्टी असते. एका मराठी घराण्याने १८९६ साली आँरिएता गावी हा उत्सव सुरू केला, असे तिथे सांगतात. घरातल्या म्हाताऱ्या आजीबाईंना मराठी बोलता येईना. घरात सारे क्रेओल. पण समर्थांची आरती सुरू झाली तशी त्यांनी एकही अक्षर न चुकता ती म्हटली. मग अंगणात पोरांनी फेर धरला, पायांत चाळ, मध्ये ढोलकी. त्याला ते 'झाकरी' म्हणतात. अहो, ही तर आमची जाखडी! लहानपणी गणपतीत रात्र रात्र जागून पाहिलेली. शब्द झिजले होते. पायांचा ठेका तोच.

मी चिमीकडून विचारवले, आजीबाई, तुमचे मूळ गाव कोणते? शाळेत शिकलेल्या क्रेओलमध्ये तिने विचारले. आजीबाई हसल्या, हात समुद्राकडे केला आणि एकच शब्द उच्चारला : "रत्नागिरी." गाव, वाडी, आडनाव सारे गळून गेले होते, जिल्हा तेवढा उरला होता. निघताना त्यांनी चिमीच्या हातावर साखर ठेवली.

परत आलो तेव्हा पितृपक्ष लागला होता. सर्वपित्रीला भटजींनी नावे विचारली. नेहमीची सांगून झाल्यावर मी वही उघडली आणि पाचही राघूंची नावे बापाच्या नावासकट वाचली. भटजी थबकले. "काका, हे सगळे तुमच्या घरातले?"

"एक आमचा आहे," मी म्हटले. "उरलेल्या चौघांचे इथे कुणी विचारणारे आहे की नाही, कुणास ठाऊक."

त्यांनी मुकाट्याने पाच पिंड मांडले. वंशावळीच्या कागदाला मात्र मी हात लावलेला नाही. राघूखालचा कागद कोराच आहे. पण आता तो मला रिकामा वाटत नाही.