गदरची पहिली बैठक आणि ओरेगॉनमधले ॲस्टोरिया

गदर पक्षाचे नाव निघाले की आपल्यासमोर सान फ्रान्सिस्को उभे राहते. तिथला युगांतर आश्रम, तिथला छापखाना, १ नोव्हेंबर १९१३ रोजी निघालेला 'गदर'चा पहिला उर्दू अंक. एम.ए.च्या परीक्षेत मीही एवढेच लिहून गुण मिळवले होते. परंतु या अंकाच्या काही महिने आधी ज्या सभेत संघटना उभी राहिली, ती सभा सान फ्रान्सिस्कोत झाली नव्हती. ती झाली ओरेगॉन राज्यातील ॲस्टोरिया या छोट्या गावात. आजचा धागा या गावाविषयी.

पोर्टलंडहून कोलंबिया नदीच्या काठाने पश्चिमेला सुमारे दीडशे किलोमीटर गेले, की नदी पॅसिफिक महासागराला मिळते. त्या मुखाशी, डोंगरउतारावर ॲस्टोरिया वसले आहे. लोकसंख्या जेमतेम दहा हजार. १८११ मध्ये जॉन जेकब ॲस्टरच्या फर कंपनीने येथे ठाणे बांधले, म्हणून हे नाव. दोनच वर्षांनी, १८१३ मध्ये, ते ठाणे ब्रिटिशांच्या हाती गेले आणि त्याचे फोर्ट जॉर्ज झाले. बरोबर शंभर वर्षांनी याच गावात ब्रिटिश साम्राज्य उलथवण्याचा ठराव व्हावा, या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवरावा हे खरे. पण सनावळी लक्षात ठेवायला तो बरा.

गावामागच्या कॉक्सकूम टेकडीवर १९२६ साली उभारलेला १२५ फूट उंच ॲस्टोरिया स्तंभ आहे. आतून १६४ पायऱ्या. वर पोहोचलेली मुले पूर्वी हलक्या लाकडाची खेळण्यातली विमाने खाली सोडत. स्तंभाच्या अंगावर तळापासून माथ्यापर्यंत नागमोडी चढत जाणारी चित्रपट्टी आहे. कॅप्टन रॉबर्ट ग्रे १७९२ मध्ये नदीच्या मुखात शिरला तो प्रसंग, पुढे लुईस आणि क्लार्क, मग ॲस्टरची माणसे, आणि शेवटी रेल्वेचे आगमन. खर्चाचा मोठा वाटा एका रेल्वे कंपनीने आणि ॲस्टरच्या वंशजाने उचलला होता. कथा रेल्वेपाशी का संपते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

रेल्वेनंतरचे गाव पाहायचे तर टेकडी उतरून नदीकाठी पूर्वेकडे, ॲल्डरब्रुकच्या बाजूला जावे. हॅमंड कंपनीची प्रचंड लाकूडगिरणी या भागात होती आणि तिच्यात पंजाबी मजूर काम करीत. त्यांच्या वस्तीला गावकरी 'हिंदू गल्ली' म्हणत. राहणारे बहुतेक शीख, काही मुसलमान व हिंदू. पण त्या काळच्या अमेरिकनांच्या लेखी हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक जण 'हिंदू'च. पंजाबी पहिलवानांच्या कुस्त्या पाहायला मात्र सारे गाव जमे.

या मजुरांपैकी कित्येक जण ब्रिटिश सैन्यात चाकरी करून आलेले होते. ज्या बादशाहासाठी बंदूक धरली, त्याची प्रजा म्हणून परदेशात काही संरक्षण मिळेल, अशी त्यांची समजूत होती. ती फार टिकली नाही. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने हिंदी मजुरांना मारहाण करून हुसकावले. मार्च १९१० मध्ये पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्स येथे तेच घडले. ॲस्टोरियात त्या मानाने शांतता होती. तेथे फिनिश कोळी होते, मासळीच्या कारखान्यांत चिनी कामगार होते. परका म्हणावा तर निम्मे गावच परके.

त्यातले फिन लोक रशियाच्या झारच्या अमलाखालून आलेले. त्यांच्यातील समाजवाद्यांचे स्वतःचे 'तोवेरी' नावाचे वृत्तपत्र गावातून निघे आणि युनियनटाउन भागात त्यांचे भव्य सभागृह होते. १९१३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी कोलंबियाकाठचे गिरणीकामगार याच सभागृहात जमले. एका साम्राज्याच्या प्रजाजनांनी दुसऱ्या साम्राज्याच्या प्रजाजनांना छप्पर दिले, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सर्वात मोलाची वाटते. संघटनेचे अध्यक्ष झाले सोहनसिंग भकना, स्वतः गिरणीत राबणारे. सरचिटणीस लाला हरदयाळ. आपल्याकडे हरदयाळांचे नाव आधी घेतले जाते. परंतु पैसा आणि माणसे गिरण्यांतून आली होती.

मराठी वाचकाला येथे दोन नावे आठवतील. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगॉनमध्येच शेतीशास्त्र शिकले आणि तेथील हिंदी मजुरांना संघटित करण्याच्या आरंभीच्या खटपटीत होते. पुढे मेक्सिकोत ते कृषितज्ज्ञ म्हणून नावाजले. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले, गदरमध्ये सामील झाले आणि १९१४ मध्ये उठावासाठी परतले. मेरठच्या छावणीत बाँबसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह त्यांना फाशी झाली. सराभा त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते. भकनांची फाशी टळली. वाट्याला अंदमान आले.

ॲस्टोरियातली वस्तीही उरली नाही. १९२२ मध्ये हॅमंडची गिरणी जळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गावचा मध्यभाग आगीत गेला. फेब्रुवारी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरवला. हे थिंद अमेरिकन सैन्यात शिपाई राहिलेले, त्याआधी ओरेगॉनच्या लाकूडगिरण्यांत राबलेले. काम गेले, कायदाही गेला, लोक पांगले. फिनिश सभागृहही पुढे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

गावाच्या नैर्ऋत्येला काही किलोमीटरवर फोर्ट क्लॅटसॉप आहे. लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०५-०६ चा पावसाळी हिवाळा तेथे काढला. मूळ किल्ला केव्हाच कुजून गेला. १९५५ मध्ये प्रतिकृती बांधली, ती २००५ मध्ये जळाली, आणि वर्षभरात दुसरी उभी राहिली. किल्ल्याला ज्यांचे नाव आहे, त्या क्लॅटसॉप लोकांशी १८५१ मध्ये झालेला करार मात्र अमेरिकन सिनेटने कधीच मंजूर केला नाही.

गिरणी आणि सभागृह यांची प्रतिकृती कोणी बांधली नाही. २०१३ मध्ये, शताब्दीच्या निमित्ताने, गावाने गदरचा स्मृतिफलक बसवला. ॲस्टोरियाला गेलात तर स्तंभावर अवश्य चढा. मग खाली उतरून, वॉशिंग्टन राज्याकडे जाणाऱ्या त्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या पुलाचे टोक शोधा. युनियनटाउन त्याच्याच सावलीत आहे.