गाठ आणि तिच्या भोवतालचे शेत



वैशाखात लघवी लाल झाली, की आपल्या वारणाकाठी निदान ठरलेले असते: उन्हाळी लागली. मग धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक. दोन दिवसांनी रंग निवळतो आणि माणूस पुन्हा उसाला पाणी पाजायला जातो. उन्हाळीत आग होते, कळ येते. परंतु आग नाही, कळ नाही आणि तरीही रक्त पडले, तर तो मूत्राशयाच्या कर्करोगाचा पहिला निरोप असू शकतो. रंग आपोआप निवळतो, हीच त्यातली मोठी फसवणूक. या रोगाचा इतिहास कोडोलीत सांगावयास घेतला तो एवढ्याचसाठी.

ही कथा रंगाच्या कारखान्यात सुरू होते. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांना फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठींचे तीन रुग्ण आढळले. श्वासावाटे, कातडीवाटे आत गेलेले द्रव्य रक्तात उतरते, मूत्रपिंडे ते गाळतात आणि मूत्राशयात ते तासन्‌तास साचून राहते. रेन यांचा संशय ॲनिलिनवर होता. खरे गुन्हेगार पुढे सापडले. १९३८ साली विल्हेल्म ह्युपर यांनी कुत्र्यांना बीटा-नॅफ्थिलअमाइन देऊन हाच रोग उत्पन्न करून दाखविला. आता गंमत पाहा, हेच द्रव्य तंबाखूच्या धुरातही असते. निपाणीच्या तंबाखूवर किती घरांच्या चुली पेटतात हे मला ठाऊक आहे, आणि तिला शिव्या देण्यासाठी मी येथे उभा नाही. पण रंगकामगाराला जे पोटापाण्यासाठी सोसावे लागले, ते विडी ओढणारा पदरचे पैसे मोजून विकत घेतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

योगायोग असा, की त्याच १८९५ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर जन्मले. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय निघाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९४५ साली त्यांनी एका सहकाऱ्यासह भारतीय रूढींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले: कमरेला धोतर काचते तेथील, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरणाऱ्यांच्या टाळूवरील, आणि खैनीची चिमूट ठेवतात त्या ओठाच्या आतील. मूत्राशयाचा यात उल्लेख नाही. पण शरीराच्या कोणत्या भागाला काय वर्षानुवर्षे लागत आले आहे, हा त्यांचा प्रश्न येथेही तितकाच लागू पडतो. कारण काच एका बिंदूला होत नाही, सगळ्या पट्ट्याला होतो.

१९५३ साली अमेरिकेत स्लॉटर आणि त्यांचे सहकारी यांनी मुखकर्करोगाच्या ७८३ रुग्णांचे ऊतक तपासले. गाठीभोवतीचे अस्तरही त्यांना बिघडलेले दिसले, आणि या प्रकाराला त्यांनी जे नाव दिले त्यात ‘शेत’ हाच शब्द आहे. आपल्यासारख्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. एक हरळी उपटली म्हणून वावर मोकळे होत नाही. मूत्राशयातली गाठ खरवडून काढली तरी ती कित्येकदा परत येते. घरची माणसे डॉक्टरांना बोल लावतात, रोगी तपासणीला जाणेच सोडून देतो. वास्तविक दोष बहुधा शेतात असतो.

हे शेत डोळ्यांनी दिसत नाही, ते जनुकांत दिसते. १९८२ साली मूत्राशयाच्याच गाठीतील पेशींत, माणसातील कर्करोगाचे म्हणून जे पहिले जनुक हाती लागले, त्या ‘रास’मध्ये अवघे एक अक्षर बदललेले निघाले. पण अक्षरांइतकेच उच्चारालाही महत्त्व आहे. शरीराच्या बहुतेक सर्व पेशींत जनुकांची पोथी एकच. कोणते पान मोठ्याने वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, यावर पेशीचा स्वभाव ठरतो. १९९५ नंतर हजारो जनुकांचे हे वाचन एकाच वेळी मोजता येऊ लागले. २००४ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी असे दाखविले, की ज्या मूत्राशयात अस्तरातच पसरणारा, चपटा कर्करोग आहे, तेथील सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही जनुकांचे वाचन त्या रोगासारखेच चाललेले असते. सूक्ष्मदर्शकाने ‘ठीक’ म्हटलेले ऊतक आधीच वेगळी भाषा बोलू लागले होते.

उपाय मात्र या ज्ञानाची वाट पाहत थांबला नव्हता. १९७६ साली कॅनडात आल्व्हारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात नळीवाटे बीसीजी, म्हणजे आपल्या तान्ह्या मुलांच्या दंडावर टोचतात तीच क्षयाची लस, आठवड्यातून एकदा अशी सहा आठवडे सोडली. अस्तरात उथळ असलेल्या पण परतण्याचा धोका मोठा असलेल्या गाठींवर, त्या खरवडून काढल्यानंतर, आजही ती दिली जाते. औषध आत सोडल्यावर रोग्याने सुमारे दोन तास लघवी रोखून धरायची असते, म्हणजे ते साऱ्या अस्तराला लागते.